कॅमेऱ्यासमोरचा कप्पा

शिवकन्यानं मेलेल्या अळ्या मोजल्या. रॅकच्या वरच्या कप्प्यात एकतीस, खालच्यात सत्तावीस, कॅमेऱ्यासमोरच्या मधल्या कप्प्यात एकही नाही.

रेशमाच्या या शेडमध्ये छोटा संगणक तिनंच बसवला होता. कॅमेऱ्याच्या चित्रावर, कोपऱ्यात, सेन्सरनं मोजलेलं तापमान उमटायचं. अंबाजोगाईच्या दवाखान्यात पडल्या पडल्या तिचे वडील, अण्णा, ते मोबाइलवर बघायचे. भर एप्रिलात आठवडाभर आकडा सव्वीसच्या वर गेला नव्हता, म्हणून संशय येऊन ती लातूरहून आली होती.

वायर चाचपत ती खिडकीपाशी पोचली. तिनं रॅकला बांधलेला सेन्सर आता खिडकीवरच्या ओल्या पोत्यामागं होता. कॅमेऱ्यात ही खिडकी येत नव्हती.

"माय, ह्यो हितं कुणी बांधला?"

"म्या." विजयमालाबाई तुतीची पानं पसरत राहिल्या.

"कावून?"

"मागं चौतीस दिसलं, तर तुजा बाप सलाईन काढून यष्टीत बसलता. कंडक्टर वळखीचा, म्हणून गावला. उद्या काळजाचं आपरेशन हाय. झालं की बांध तुज्या जागी."

"गरमीनं अळ्या मरायल्यात, माय."

"मला काय दिसंना व्हय? कॅमेऱ्यापुढच्या मेलेल्या रोज येचायलेय म्याच."

तेवढ्यात शिवकन्याचा फोन वाजला.

"आलीस व्हय गं?" अण्णांचा आवाज बारीक झाला होता. "बघायलोय म्या. तुजी माय एरवी पंख्याचं बटन इसरती, औंदा शेड लई झ्याक राखली बग तिनं!"

विजयमालाबाईंनी पदरानं हात पुसले. पुसून झाले तरी पुसतच राहिल्या.

"शिवे, त्यो कोपऱ्यातला आकडा बरुबर हाय ना?"

तिनं आईकडं पाहिलं नाही.

"मशीन कुणाच्या लेकीनं बनवलंय, अण्णा?"

पलीकडं हसू आलं, मग खोकला. "मंग न्हाई येत म्या. पडतो निवांत."

फोन ठेवला तेव्हा पोतं वाळत आलं होतं. मोबाइलच्या पडद्यावर सत्तावीस दिसत होतं. शिवकन्यानं बादली उचलली. आधी ते पोतं भिजवलं, मग बाकीच्या सगळ्या खिडक्यांवरची पोती. अर्ध्या तासानं तिनं साधा तापमापक मधल्या कप्प्यात धरला.

पडद्यावर २५.८. कप्प्यात ३३.६.