मल्लूची टक्कर

संतपूरच्या जत्रेत एडक्यांच्या टकरीचा फड भरला होता आणि म्हाळसाबाई नवऱ्याच्या मागं लागली होती. सकाळी हळद-तेल लावताना तिला त्यांच्या मल्लू एडक्याच्या डाव्या शिंगाच्या बुडाशी रगत दिसलं होतं.

"ओ, आज न्हाई सोडायचं त्येला. शिंग उललंय."

"गप बस. हुमनाबादचा एडका टेंपोत बसून आलाय. आता माघार घेतली तर लोक तोंडात शेण घालतील."

तिचा नवरा पिराप्पा तसा वाईट नव्हे. पण एडका म्हटलं की त्याची अक्कल चरायला जायची. बापजाद्यांची मेंढरं कधीच विकून झाली, उरली ती ही मिजास. आणि तिचा भार कुणाच्या डोक्यावर, तर त्या मुक्या जिवाच्या! आई मेलेलं ते कोकरू म्हाळसाबाईनं बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं.

हलगी कडाडली. दुसऱ्याच धडकेला मल्लूचं तोंड रक्तानं भरलं. लोक शिट्ट्या मारायले. मल्लू झोकांड्या खात मागं सरला, पुन्हा धावायला.

तोंड फिरवलं तो एडका हरला, झुंज तिथंच थांबली, असा फडाचा नियम. हरला तर हरला, वाचेल तरी! म्हाळसाबाई दोरीपाशी घुसली आणि चाऱ्याला बोलवायची ती हाक तिनं मारली, "ये रं मल्लू, ये ये ये!"

मल्लू सगळा तिच्याकडं वळला. पण समोरचा सुटला होता. धावता एडका थांबत नसतो, हे धनगराच्या लेकीला काय ठाऊक नव्हतं? पण जीव खालीवर झाला की आठवतंय कुठं! धडक बरगडीत बसली. मल्लू कोसळला.

"तू घात केलास त्येचा! कामून हाक मारलीस?" पिराप्पा ओरडला.

बाबूलाल खाटकानं सुरी पुढं केली. पडलेल्या एडक्यावर मालकानं सुरी चालवायची आणि मटण फडावरच वाटायचं, अशी रीत होती. "अण्णा, जीव हाय तवर कापा."

पिराप्पा सुरी घेऊन बसला. मल्लूनं त्याचा हात हुंगला. पिराप्पानं सुरी बाबूलालकडं सरकवली. "तूच काप बाबा."

म्हाळसाबाईनं रडत रडत सुरी उचलली आणि नवऱ्याच्या मुठीत कोंबली.

"व्हय, मी हाक मारली. ते पाप माझं. पर कापायचं तुमीच. उललेल्या शिंगानं झुंजायला सोडताना हात थरथरला न्हाई, मग आता कामून थरथरायलाय?"