चादरीआडचे हात

मित्रांनो, मी एक जुना स्टूल आहे, आणि तरीही तुम्ही माझं थोडं ऐकून घ्यावं अशी माझी इच्छा आहे. स्टुलाला कसलं आलंय आयुष्य, असं म्हणाल. पण आज यवतमाळात जी माणसं पस्तिशी-चाळिशीची आहेत, त्यांतली कितीतरी जणं, एकेका वर्षाची असताना, माझ्यावर बसून गेली आहेत. काही नुसती बसून गेली नाहीत, ओलं करून गेली. त्यांतला एक जण पुढे मोठा साहेब झाला आणि आता त्याला भेटायचं तर लोकांना आधी चिठ्ठी आत पाठवावी लागते. नाव मी सांगणार नाही. लाकडाचा असलो तरी मला पोच आहे.

माझा जन्म लोहाऱ्याचा. तिथे डोमाजी नावाचे सुतार होते. शब्बीरभाईंनी यवतमाळात नवा फोटो स्टुडिओ काढला, तेव्हा ते सायकलवरून डोमाजींकडे आले आणि म्हणाले, "असा टूल बनवा का लेकरू त्याच्यावरून पडलं नाही पायजे, अन् फोटोत टूल दिसला बी नाही पायजे."

डोमाजींनी रंधा थांबवला. "मंग टूल कायले पायजे? हवेतच बसवा ना लेकराले!"

दोघेही हसले, पण डोमाजींनी काम मन लावून केलं. सागाच्या जुन्या दाराची फळी घेतली. बैठक रुंद ठेवली, कडेला बोटभर काठ काढला आणि पाय जरासे बाहेर फाकवले, म्हणजे वरच्याने कितीही नाचकाम केलं तरी मी कलंडू नये. चाळीस वर्षांत मी एकदाही कलंडलो नाही. याचा मला फार अभिमान होता, आणि त्या अभिमानातच मी बरीच वर्षं मूर्खासारखा जगलो. ते कसं, तेच सांगतो.

त्या काळी आमच्या भागात लेकराचं जावळ काढण्याआधी त्याचा एक फोटो काढून घेण्याची पद्धत होती. जन्माचे केस पुन्हा दिसायचे नाहीत, म्हणून. आईबाप बाळाला घेऊन स्टुडिओत यायचे. काजळ, गालावर तीट, अंगात दोन मापं मोठा झगा. शब्बीरभाई बाळाला माझ्यावर बसवायचे, आणि बाळ लगेच भोकाड पसरायचं. एवढ्याशा जिवाला अनोळखी खोलीत, डोळे दिपवणाऱ्या दिव्यांपुढे एकटं बसायला सांगितलं तर ते दुसरं काय करणार?

मग शब्बीरभाईंनी एक युक्ती काढली होती. बाळाची आई माझ्या मागे उकिडवी बसायची. तिच्या डोक्यावरून मागच्या पडद्याच्या रंगाची काळपट चादर टाकली जायची. चादरीखालून हात घालून ती बाळाची कंबर धरायची. बाळाला आईचा हात कळायचा, ते गप्प व्हायचं, आणि फोटोत नुसतं बाळ यायचं, राजासारखं एकटं बसलेलं. "बाई, हात खाली घ्या. अजून खाली. हं, हलू नका," असं शब्बीरभाई म्हणायचे. तरी एखाद्या फोटोत आईची चार बोटं डोकावायचीच. मग ते ब्लेडच्या टोकाने निगेटिव्हवर हलक्या हाताने खरवडायचे. फोटोत त्या जागी काळं व्हायचं आणि बोटं नाहीशी व्हायची. त्या कामात त्यांचा हात धरणारा जिल्ह्यात कोणी नव्हता.

लोक फोटो पाहून म्हणायचे, "काय शहाणं लेकरू आहे! कसं एकटं बसलं!" आणि मला वाटायचं, यात अर्धं श्रेय माझं आहे.

अशाच एका कापसाच्या हंगामात धरमसिंग आणि त्यांची बायको रुपीबाई आले. लोहाऱ्याच्या पुढच्या तांड्यावरची ही माणसं. कापूस विकून झाला होता आणि बैलगाडी बाहेर उभी होती. त्यांचा भारत वर्षाचा होता. रुपीबाई चादरीत शिरल्या, भारत बसला, फोटो झाला. त्यांची बोटं काठाच्या वर आली होती, ती नंतर खरवडली गेली. रोजच्यासारखंच झालं सगळं. मला तेव्हा त्यात लक्षात ठेवण्यासारखं काहीच वाटलं नाही.

पुढे मोबाइल आले आणि घरोघरी फोटोग्राफर झाले. स्टुडिओत पासपोर्ट फोटो उरले, मग त्याच्या जोडीला झेरॉक्स आली, ऑनलाइन फॉर्म आले. माझ्यावर लेकरांऐवजी कागदाचे गठ्ठे बसू लागले. कागद रडत नाहीत, ओलंही करत नाहीत, पण त्यांच्यात जीव रमत नाही हो. वरून झेरॉक्सची काळी पूड अंगावर बसे आणि ती पुसायला कोणाला सवड नसे. त्या दिवसांत मला डोमाजींच्या रंध्याची फार आठवण यायची.

धरमसिंग गेले त्याला आता दोन वर्षं झाली. भारत, जो आता शाळेत शिक्षक आहे, दुकानात आला तो वडिलांचं आधार कार्ड घेऊन. घरात त्यांचा दुसरा फोटोच नव्हता. शब्बीरभाईंनी तोच मोठा करून दिला. डोळे पांढुरके, एक कान गायब, आणि चेहऱ्यावर असा भाव, की धरमसिंगांनी काहीतरी गुन्हा केला आहे. भारत ती फ्रेम घेऊन गेला.

सहा महिन्यांनी तो पुन्हा आला. या वेळी त्याच्या हातात त्याचा स्वतःचा, जावळाआधीचा फोटो होता.

"चाचा, यात याडी कुठं होती?" त्याने विचारलं. बंजारा घरांत आईला याडी म्हणतात.

शब्बीरभाईंनी चष्मा लावला. "टूलच्या मागं. चादरीत. तुले धरून होती."

"पण हात तं दिसून नाही राह्यला."

"मीच पुसला, बेटा. तवा तसंच करत होतो आम्ही." शब्बीरभाई खाली पाहून म्हणाले. ब्लेडच्या कामाबद्दल त्यांचा आवाज असा पडलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

भारतने फोटो पाकिटात ठेवला. "बाबाचा फोटो आधार कार्डावरून करून लावा लागला. याडीचा तरी एक धड फोटो पायजे मले, लेकरांसंगचा. हसतानाचा. पन याडी फोटोचं नाव काढू देत नाही. म्हनते, फोटो कायले? हार घालाले?"

फिजा, शब्बीरभाईंची मुलगी, कोपऱ्यात संगणकावर बसली होती. ती लोकांच्या घरी जाऊन फोटो काढते. तिची रीत निराळी. घरी गेली की तासभर ती कॅमेरा बाहेरच काढत नाही. चहा पिते, लेकरांबरोबर मातीत बसते, भाज्या निवडू लागते. ती आहे याचं भान कोणाला राहिलं नाही, की मग हळूच सुरू करते. शब्बीरभाई तिला चिडवतात, "हे फोटो काढाले नाही जात, पाहुणचाराले जाते."

"दादा, मी येते," फिजा म्हणाली. "फक्त एक गोष्ट. कोणी कोणाले 'इकडं पाय', 'हास' असं म्हनायचं नाही."

देवांशचं, म्हणजे भारतच्या धाकट्याचं, जावळ पुढच्या सोमवारी होतं. त्याआधीचा रविवार ठरला. निघताना फिजाने माझ्यावरचा गठ्ठा खाली ठेवला आणि ओल्या फडक्याने मला पुसलं. माझं काळीज सुपाएवढं झालं. पण ती म्हणाली, "अब्बा, हा टूल नेते. वरून फोटो काढाले याच्यावर उभी राह्यते." म्हणजे बसायला नाही, उभं राहायला! तरी बरं, पोरगी चप्पल काढून उभी राहते.

स्कुटीच्या मागे बांधलेला मी तांड्यावर पोचलो. पाहतो तो काय, सगळं घर सायीच्या रंगाचं. भारतने मोबाइलवर कुठेतरी पाहून सगळ्यांना एकाच रंगाचे कपडे आणले होते. तो स्वतः, बायको संगीता, पाच वर्षांची पूर्वा आणि चौदा महिन्यांचा देवांश, सगळे सायीसारखे पांढुरके. रुपीबाईंसाठीही त्याने तशीच साडी आणली होती. साडी बाजेवर घडीतच पडली होती आणि रुपीबाई आपल्या रोजच्या फेटियात, म्हणजे बंजारा घागऱ्यात, आणि जुन्या ओढणीत दारात उभ्या होत्या.

"असं कोरं लुगडं मी नाही नेसत," त्या म्हणाल्या. "अन् फोटोत बी नाही येत. तुमचा काढा."

तांड्यात आपसात बंजाऱ्यांची गोरबोली चालते, पण फिजा होती म्हणून त्या मराठीत बोलल्या. सगळ्यांना नीट कळावं असा बेत असणार.

भारतचा चेहरा उतरला. फिजा मात्र त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि सुपातल्या शेंगा सोलू लागली. "नोका येऊ, आजी. चहा तं देसान ना?" एवढंच म्हणाली. भारत घड्याळाकडे पाहत येरझारा घालत होता. इतक्यात देवांशने कोंबडीमागे धावून आपले सायीचे कपडे मातीच्या रंगाचे करून टाकले. संगीता पदर तोंडाला लावून हसली. "जाऊ द्या, आता तो आपल्या घरातला दिसून राह्यला," ती म्हणाली.

तेव्हा फिजाने मला अंगणात निंबाखाली ठेवलं. कॅमेरा घेऊन ती माझ्यावर चढणारच होती, पण देवांशला मी आवडलो. तो माझा काठ धरून चढू पाहू लागला. संगीताने त्याला उचलून वर बसवलं आणि ती हात धुवायला वळली. कितीतरी वर्षांनी माझ्यावर लेकरू बसलं! मी सगळे पाय घट्ट रोवले. पण मित्रांनो, मी कलंडलो नाही तरी लेकरू कलंडू शकतं. देवांशने कोंबडीकडे बोट दाखवत एका बाजूला सगळा भार टाकला आणि काठावरून घसरू लागला.

भारत लांब होता. दारातून रुपीबाई धावल्या. या वयात त्या इतक्या चपळ असतील असं कोणालाही वाटलं नसतं. त्यांनी मागून देवांशची कंबर धरली, त्याला सरळ केलं, आणि मग कोणाच्या ध्यानीमनी नसलेलं काहीतरी केलं. त्या माझ्या मागे उकिडव्या बसल्या. ओढणी डोक्यावरून पुढे ओढून तोंड पुरतं झाकून घेतलं. हात खाली घेतले, अजून खाली घेतले.

"धरलं मी त्याले," ओढणीतून आवाज आला. "काढ बाई आता. मी दिसत नाही."

भारत माझ्यापासून चार पावलांवर उभा होता. त्याचे डोळे भरून आले. आपल्याला कसं धरलं होतं, हे त्याने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. आणि माझी तर मान असती तर खाली गेली असती. मी कलंडलो नाही म्हणून लेकरं बसली, असं मी समजत होतो. लेकरं बसली होती ती या हातांवर. त्या हातांना झाकायला मात्र मीच उभा होतो.

"याडी, भायेर ये," भारत कसाबसा म्हणाला.

"हलू नको म्हन त्याले. फोटो बिघडंल," ओढणीतून उत्तर आलं.

फिजा समोरून बाजूला गेली आणि मातीत पालथी पडली. तेवढ्यात देवांशला शंका आली. कंबरेला हात तर आहेत, मग माणूस कुठे आहे? तो वळला. त्याने ओढणीचं टोक मुठीत धरलं आणि खस्सकन ओढलं. आतून आजी निघाली! दोघेही एकमेकांकडे क्षणभर पाहत राहिले, मग देवांश किंचाळून हसला आणि रुपीबाईही हसल्या, पुढचे दोन दात नसलेलं, डोळे मिटून जाणारं हसू. त्यांनी ओढणी पुन्हा तोंडावर घेतली, देवांशने पुन्हा ओढली. पूर्वाही त्यात शिरली. फिजाचा कॅमेरा किती वेळा वाजला, हे त्यांना कळलंही नाही.

चार दिवसांनी फिजा मोठा फोटो घेऊन तांड्यावर गेली. मीही होतो, स्कुटीच्या मागे. फोटोत देवांश होता, मी होतो, आणि माझ्या मागून बाहेर आलेल्या रुपीबाई, दोन्ही हात बाळाच्या कंबरेला. बोटं न् बोटं दिसत होती.

रुपीबाईंनी फोटो मांडीवर घेतला. भारत जवळ उभा होता, त्या रागावतील या भीतीने. त्यांनी फोटोतल्या बोटांवरून आपलं बोट फिरवलं. मग त्यांनी भारतला हाताला धरून शेजारी बसवलं आणि म्हणाल्या, "तुले धरलं होतं ना, तवाही मी अशीच हासत होती. चादरीत."

भारतने आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. तो एवढा मोठा मास्तर, पण कोणी काही म्हटलं नाही.

मित्रांनो, मी आता म्हातारा झालो आहे आणि माझं म्हणणं फार नाही. मला पुसलंत, उन्हापावसात बाहेर ठेवलं नाहीत, तर बरं वाटेल. पण त्याआधी एक काम करा. तुमच्या घरातले फोटो काढून बघा. त्यांत तुम्हाला उचलणारं, भरवणारं, मागून धरणारं माणूस कुठे आहे ते शोधा. नसेल, तर त्या माणसाला आजच हाक मारा. ते म्हणेल, माझे कपडे चांगले नाहीत, माझे हात पिठाचे आहेत. तुम्ही ऐकू नका.