विहिरीची कबुली

सहावीच्या वर्गाला प्रतिभाने ज्यूंचा जो धडा शिकवला तो पुस्तकात नव्हता, आणि तो कशासाठी काढला हे फक्त तिलाच ठाऊक होतं. बेल्याजवळच्या एका गावातल्या मराठी शाळेत ती इतिहास शिकवायची. साडेसहाशे वर्षांपूर्वी युरोपात प्लेग आला, तिने सांगितलं, आणि लोकांनी ठरवून टाकलं की ज्यूंनी विहिरीत विष कालवलं. ज्यूही त्याच प्लेगने मरत होते, पण बघतो कोण? आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. त्यांचा धर्म वेगळा, वस्ती वेगळी, बहुतेक ठिकाणी जमीन घ्यायला मनाई. येशूला यांनीच मारलं, हे हजार वर्षं लोकांच्या कानात भरलेलं. मग हाल करून कबुल्या घेतल्या आणि माणसं जिवंत जाळली. राज्यकर्त्यांवरचा राग परस्पर भागला. पुढे जर्मनी पहिलं महायुद्ध हरल्यावर पुढाऱ्यांना तेच जुनं खापर कामी आलं, आणि साठ लाख ज्यू मारले गेले.

मग तिने घरचा अभ्यास दिला. आपल्या गावात असा आळ कोणावर आला होता, ते घरच्या म्हाताऱ्यांना विचारून, त्यांच्याच शब्दांत लिहून आणा. सांगितलं साऱ्या वर्गाला, पण तिचा डोळा होता मयूरीवर. मयूरी ही माजी सरपंच चंपतरावांची नात.

अडतीस वर्षांपूर्वी याच गावात, पोळ्याच्या दिवशी, विहिरीच्या डोणीतलं, म्हणजे गुरांच्या दगडी कुंडातलं, पाणी पिऊन चार बैल मेले होते. त्याच उन्हाळ्यात बौद्धवाड्यातली माणसं त्या विहिरीवर हक्काने पाणी भरू लागली होती. चंपतरावांनी पहिली बोंब ठोकली, की प्रतिभाच्या आजोबांनी, बौद्धवाड्यातल्या रामाजींनी, विष टाकलं. “हो, मीच टाकलं,” असं रामाजी म्हणेपर्यंत त्यांना मारलं. दुसऱ्या दिवशी मारबत. गावची रोगराई पळसाच्या फांद्यांसोबत शिवेबाहेर टाकायची रीत. त्या साली फांद्यांच्या पुढे रामाजींना चालवलं, आणि “घेऊन जा गे मारबत” म्हणत बायकापोरांसकट हाकललं.

घर बेल्याला गेलं. मार विसरता येतो हो, कबुली चिकटून राहते. प्रतिभाच्या लग्नाच्या बोलणीतसुद्धा कोणीतरी विचारलंच, ते विहिरीवाले रामाजी तुमचेच ना? ज्या गावाला शिक्षक नाकं मुरडतात तिथे तिने बदली मागून घेतली ती यासाठी. तिला चंपतरावांची कबुली हवी होती, त्याच गावासमोर.

मयूरीची वही आली. नातीने लाडाने विचारलं आणि म्हातारा फुशारला होता. पोरीने शब्दन्‌शब्द उतरवलं होतं: “पिकावरच्या जहरी औषधाच्या फवाऱ्याचा पंप मीच डोणीत धुतला होता. बैल मेले तं लोक माह्यावर येनार होते. मी आधीच एका मानसाचं नाव घेतलं. त्याच साली सरपंच झालो. पुढारी व्हायचं तं डोकं लागते.”

चोराच्या उलट्या बोंबा, आणि वर त्याची शेखी. प्रतिभाने वही तीनदा वाचली. संतापाने तिचे कान तापले, आणि मनातून ती हसली.

सव्वीस जानेवारीला चंपतराव प्रमुख पाहुणे होते. उत्तम निबंधाचा पहिला नंबर मयूरीचा, म्हणून तिनेच तो वाचायचा, असं प्रतिभाने ठरवलं. रामाजींना तिने बेल्याहून आणून पहिल्या रांगेत बसवलं. तो माणूस कोण, हे मयूरीला कोणी सांगितलं नव्हतं.

पोर खणखणीत वाचू लागली. पंपापाशी आली तसा समोरच्या म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या. चंपतराव खुर्चीवरून उठले. तेव्हा रामाजी बसल्या जागेवरून बोलले.

“बसा, चंपतराव. पोरीचं वाचनं होऊ द्या. मी बी पुरा मार खाल्ला होता.”

चंपतराव बसले. मयूरीने एकदा रामाजींकडे पाहिलं, एकदा आजोबांकडे, आणि तिला कळलं. तरी तिने शेवटची ओळ वाचली. टाळी एकही वाजली नाही. रामाजी उठले आणि गावाच्या मधल्या रस्त्याने बसथांब्याकडे चालू लागले. प्रतिभाला आयुष्यात एवढं सुख झालं नव्हतं.

मंडप उठत असताना मयूरी वही छातीशी धरून तिच्याजवळ आली.

“मॅडम, तुमाले आधीपासून माहीत होतं ना?”

“हो.”

“मंग तुमीच काऊन नाई वाचलं?”

तुझं अक्षर छान म्हणून, तुझा नंबर पहिला म्हणून, असं काहीही सांगता आलं असतं. प्रतिभाने खरं सांगितलं.

“तुह्या तोंडून त्यायले जास्त लागनार होतं म्हनून.”

मयूरीने मान हलवली. आजोबा फाटकापाशी एकटेच उभे होते. ती त्यांच्याकडे गेली नाही, आणि प्रतिभापाशीही थांबली नाही.