बांधावरून आलेले पाय

श्रावणातला सप्ताह म्हणजे सावळारामाचा जीव की प्राण. शेणवे गावच्या देवळात टाळ धरायला पहिला तो, आणि कीर्तनकाराचा मुक्काम त्याच्याच घरी. एकेचाळीस साली मुरबाडचे दामोदरबुवा येणार होते. बुवांचा गळा असा, की ऐकताना पापी माणसालाही आपलं बरं होईल असं वाटावं.

बुवा यायचे त्याच सकाळी सावळारामाची सून राही बांधावरून घसरली. तिला सातवा महिना होता. भाताची खाचरं पाण्यानं भरलेली. गावच्या बायकांना परसाकडे बसायला मळ्याचा तेवढाच उंच बांध उरलेला. तिनं सासूला हळूच सांगितलं, "आत्याबाई, माझ्या म्हायेरात परसात खड्डा खणलाय. भोवती कारवीच्या काठ्यांचा कुड, वर दोन फळ्या. उठताना राख नि माती टाकायची. वासबी नाय येत. आबांना सांगा ना."

भागीरथीनं नवऱ्याला सांगितलं. तो चिंचेनं टाळ घासत होता.

"बुवांचे पाय लागायचे त्या घरामागं घाण साठवू? अगो, देव पळंल! आमच्या आज्या-पणज्या बांधावरच गेल्या. त्यांना नाय लाज वाटली."

"वाटली असंल तर सांगणार कोनाला होत्या?" भागीरथी पुटपुटली, आणि चुलीकडे वळली.

दिवेलागणीला बुवा आले, तेही एकटे, चालत, पोटऱ्यांपर्यंत चिखलानं माखलेले. ओटीवर माणसं जमली. बुवांना पाटावर बसवून पाय पितळी परातीत घेतले. पाय धुतलेलं पाणी तीर्थ म्हणून घ्यायचं, हा त्या घरचा रिवाज. भागीरथी पाणी ओतत होती, सावळाराम दोन्ही हातांनी पाय चोळत होता. पाणी गढूळ झालं. पावसाळ्यात ते व्हायचंच.

"बुवा, गाडी कुठं राहिली?" शेजारच्या महादूनं विचारलं.

"रुतली रे ओढ्यापाशी. मग आलो मळ्याच्या बांधानं. अंधारलं होतं, पण पांडुरंग वाट दाखवतो."

"वाट दाखवतो, गाडी नाय ढकलत!" महादू म्हणाला, आणि बुवांसकट सगळे हसले.

दिवा घेऊन माजघराच्या दारात उभी असलेली राही एक पाऊल पुढं आली. सावळारामानं परातीतलं पाणी ओंजळीत घेतलं, डोळे मिटले, ओंजळ ओठांपाशी नेली.

"आबा, नका!"

चार बाप्यांसमोर सून बोलली होती. सावळारामानं डोळे वटारले. "काय झालं गो?"

आपसातसुद्धा बायका 'बांधावर जाते' एवढंच म्हणत. पुढचं कुणी बोलत नसे. राहीनं पदर नाकापर्यंत ओढला.

"त्या बांधावर आमी बायका बसतो, आबा. समद्या. आज सकाळी मीबी."

ओंजळीतलं पाणी गळून गेलं. ओटीवर कुणी कुणाकडे बघेना. महादूलाही घरी बायको होती, दोन लेकी होत्या. तो खाली मान घालून जमीन उकरीत बसला.

बुवांनी पाय ओढून घेतले. "पाय भरल्याचं मला कळलं होतं," ते हलक्या आवाजात म्हणाले. "गवताला पुसला. तुम्ही ओशाळाल म्हणून बोललो नाही. त्या लाजेपायी तुम्हाला काय पाजत होतो मी! सावळाराम, पोरीला बोलू नका. तिनं लाज सोडली म्हणून माझं पाप टळलं."

परात उचलून सावळाराम मागं गेला आणि राखेनं हात घाशीत राहिला. त्या रात्री देवळात कीर्तन झालं, पण त्याचे टाळ खुंटीलाच होते.

उजाडायच्या सुमारास राही परसात आली, तर गोठ्यामागच्या उंचवट्यावर सासरा कुदळ घेऊन उभा. रिमझिम चालू होती. त्यानं वर पाहिलं नाही.

"किती खोल लागंल, पोरी?"

"कमरेएवढा, आबा. पन विहिरीपासनं लांब."

"लांबच हाय. तुला चालवंल ना इथवर?"

"चालवंल."

देवळातून काकड्याचे टाळ ऐकू येऊ लागले. सावळारामाचे हात क्षणभर थांबले.

"माझ्या आयशीलाबी लाज वाटली असंल गो," तो मातीकडे बघत म्हणाला.

राहीनं राखेची पाटी खड्ड्याच्या कडेला ठेवली. त्यानं पुन्हा कुदळ उचलली.