कुजबुजीतली तालीम

भिंगरीच्या आईला सकाळपासून एका जागी बसवत नव्हतं. इतकी वर्षं डबिंगमध्ये तिने काय काय आवाज दिले होते! नायिकेची मैत्रीण, नर्स, गर्दीतली "पळा, पळा" ओरडणारी बाई, एकदा तर चक्क बकरी. आणि आज थेट नायिका! तीही एकटीने लेक वाढवणारी आई, म्हणजे अगदी घरचंच काम.

शाळेला सुट्टी, म्हणून भिंगरीही बरोबर आली होती. पायाला भिंगरी असलेल्या त्या पोरीला काचेपलीकडे, रेकॉर्डिस्टदादाच्या शेजारी बसवताना आईने दम दिला, "हूं नाही की चूं नाही. कळलं?"

"मी काय बाळ आहे?" भिंगरी म्हणाली आणि खुर्ची गरगर फिरवू लागली.

सगळं झकास चाललं होतं, पण मायलेकींच्या भांडणाचा सीन आला आणि माशी शिंकली. आईच्या तोंडून वाक्य निघे ते मऊ, शेजारच्यांची झोपमोड होऊ नये असं. आणि कारणही तेच होतं! भूमिका मिळाली त्या पहिल्याच संध्याकाळी तिने घरी मोठ्याने तालीम केली, तर शेजारच्या काकू धावत आल्या, "अगं, लेकराला किती बोलशील!" तेव्हापासून मायलेकींची तालीम पांघरुणात, कुजबुजत. मुलीची वाक्यं भिंगरी वाचायची. फक्त एका वाक्यापाशी ती दरवेळी म्हणायची, "मग ती काहीतरी बोलते," आणि पुढे सरकायची. आईनेही कधी टोकलं नव्हतं.

स्टुडिओत तर तेवढाही आधार नव्हता. पडद्यावरच्या मुलीचा आवाज उद्या भरायचा होता, आज ती नुसतेच ओठ हलवत होती.

"आवाज छान आहे हो, पण जीव कुठंय त्यात?" काचेपलीकडे बसलेल्या दिग्दर्शिका मॅडम हेडफोनमधून म्हणाल्या. "आता शेवटचा टेक. नाही जमला तर दुसऱ्या कुणाला तरी बोलवावं लागेल."

आईच्या तोंडचं पाणी पळालं. हातातोंडाशी आलेला घास जाणार! रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला. पडद्यावरच्या मुलीने तोंड उघडलं, आणि आईच्या कानात आवाज घुमला, "तुझ्यामुळेच गेला बाबा! तुझ्यामुळेच!"

रेकॉर्डिस्टदादाचं हेडफोनमध्ये बोलायचं बटण दाबून भिंगरीने ते दरवेळी गाळलेलं वाक्य म्हटलं होतं. तिला थांबवायला त्याने हात पुढे केला, पण मॅडमनी तो तिथेच धरला.

आईच्या अंगावर सर्रकन काटा आला. पुढचं वाक्य तिला आठवावं लागलंच नाही, ते पोटातून उसळलं. "हो, माझ्यामुळे गेला! पण मी गेले का? सांग ना, मी गेले का?"

काच थरारली असेल असा तो आवाज! मॅडम नाक ओढत ओरडल्या, "ओके! ओके! हाच! दुसरी कुणी नको आता!" रेकॉर्डिस्टदादा खुर्चीसकट गोल फिरला.

दार धाडकन उघडून भिंगरी आत घुसली आणि आईच्या कमरेला घट्ट बिलगली. आनंदाने नाचायचं सोडून तिचा चेहरा पडला होता.

"आई, मी खोटं खोटं म्हटलं हं. सिनेमातलं."

आईने तिला उचलून घेतलं, एवढी घोडी झाली होती तरी.

"मी मात्र खरं म्हटलं," ती म्हणाली.