ढिला फेटा

"हळू रे फैयाज! कान पण गुंडाळतोस काय आत?" खुर्चीत बसलेला ओम हसत म्हणाला.

फैयाज हसला नाही. हातातल्या केशरी फेट्याला त्यानं आणखी एक पीळ दिला. कॉलेजला दर्जा द्यायला आज नॅकची समिती आली होती. तिच्यापुढं मिरवायला प्राचार्यांनी बडे माजी विद्यार्थी बोलावले होते. त्यांत ओम पहिला. नागापूरच्या एमआयडीसीत मॅनेजर! आणि त्याच बॅचला पहिला आलेला फैयाज? तो ह्याच कॉलेजात क्लार्क. फेटे झकास बांधतो म्हणून आज फेटेवाला.

सकाळी त्यानं प्राचार्यांना विचारून पाहिलं होतं, "सर, मीबी माजी विद्यार्थीच हाय. बसू का एका खुर्चीवर?"

"अहो, आपल्या एमबीएचा टॉपर इथंच क्लार्क आहे, हे समितीला कशाला दाखवायचं?"

बोलले ते खरंच होतं. म्हणून तर जास्त झोंबलं.

ह्या ओमला कॉस्टिंगच्या पेपरातलं ओ का ठो कळत नव्हतं. फैयाजच्या घरी शीरखुर्मा ओरपत, त्याच्याकडूनच शिकून गडी कसाबसा पास झाला. नोकरीसाठी फैयाजनं त्याला दोनदा मेसेज टाकला, तर साहेबांच्या फक्त दोन निळ्या खुणा. उत्तर नाही.

फेट्याचं शेवटचं टोक आत घट्ट खोचायचं असतं. फैयाजनं ते नुसतं टेकवलं. पडू दे भर सभेत, होऊ दे शोभा!

ओम बोलायला उठला. मान हलली की फेटा सरकायचा. फैयाज भिंतीला टेकून वाट बघत होता.

"आमच्या बॅचचा खरा हुशार तो बघा, तिकडं उभा आहे," ओम एकदम म्हणाला. "फैयाज. आमच्या कंपनीत किती बोलावलं, पण येत नाही. म्हणतो, कॉलेज सोडवत नाही."

टाळ्या पडल्या. समितीतल्या बाई कौतुकानं वळून बघू लागल्या. प्राचार्यांचा चेहरा फुलला. धादांत खोटं, आणि असं गोड, की नाही म्हणायची सोय नाही! म्हणजे आता मोठेपणाही ह्यानंच मिळवायचा? फैयाजचा जळफळाट झाला. तेवढ्यात फेटा घसरला, आणि कसा कोण जाणे, तोच धावला. त्यानं फेटा वरच्यावर धरला, डोक्यावर बसवला, टोक दाबून खोचलं. लोक म्हणाले, दोस्ती असावी तर अशी.

कार्यक्रम संपल्यावर गाडीपाशी ओमनं हळूच विचारलं, "मुद्दाम ढिला बांधलास ना?"

"व्हय. अन् तू मला कधी बोलावलं रे?"

ओमनं गाडीचं दार उघडलं. मग म्हणाला, "तुला घेतलं असतं ना फैयाज, तर वर्षात माझ्या खुर्चीत तू बसला असतास. भ्यालो मी."

त्यानं फेटा उतरवून फैयाजच्या हातात दिला आणि गाडी काढली.

आतून प्राचार्य हाका मारत होते, भाड्यानं आणलेले फेटे मोजून परत द्यायचे होते. फैयाज घडी घालायला फेटा सोडू लागला. पण त्यानंच खोचलेलं ते टोक आता काही केल्या सुटेना.