रिकामं परत आलेलं ताट

शेजारच्या घरून वाटी आली तर ती रिकामी परत द्यायची नाही, हे आपल्याला कुणी शाळेत शिकवलेलं नसतं. तरी ते सगळ्यांना ठाऊक असतं. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर घालून तरी ती वाटी परत जाते. उचगावच्या एका कॉलनीत भिंतीला भिंत लागून असलेली दोन घरं हा नियम सव्वीस वर्षं पाळत आली होती. तो मोडला एका सज्जन, देवभीरू माणसामुळे. दुर्जनामुळे मोडला असता तर ही गोष्ट सांगायची गरजच नव्हती.

शांतवन चोपडे हे त्या माणसाचं नाव. कोल्हापुरातल्या एका हायस्कुलात ग्रंथपाल म्हणून नोकरी करून ते निवृत्त झाले होते. पत्नी वारलेली, मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. घरात ते आणि त्यांची थोरली बहीण बयाबाई. बयाबाईंना सारी कॉलनी आक्काच म्हणायची. आक्का मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या. चंदगडच्या पावसात, चिखल तुडवत त्यांनी शेकडो बाळंतपणं केली. निवृत्तीच्या दिवशी तिकडच्या बायकांनी त्यांना स्टीलचं एक मोठं ताट दिलं होतं, आक्कांचं नाव कोरलेलं. दर नाताळाला करंज्या भरून तेच ताट शेजारी जायचं.

शेजारी म्हणजे गुरुसिद्ध. एसटीचा निवृत्त ड्रायव्हर, लिंगायत, गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, आणि आवाज असा की हॉर्नची गरज नाही. पण बायको रत्नव्वाच्या नवसामुळे दर दत्तजयंतीला तो नृसिंहवाडीला जायचा आणि येताना पेढे, कवठाची बर्फी घेऊन थेट शांतवनच्या दारात उभा राहायचा.

दोघांच्या थट्टेला एक ठरलेला विषय होता. दोघांच्याही समाजात मेलेल्या माणसाला माती देतात. फरक इतकाच, की ख्रिस्ती माणसाला निजवून आणि लिंगायताला बसवून.

"तुमी आडवं झोपताय, आमी बसून ऱ्हातोय," गुरुसिद्ध म्हणायचा. "वरनं बोलवणं आलं की तुला उठवाय मलाच यावं लागणार बघ. तुझी झोप लई गाढ!"

शांतवन लाजून हसायचे. त्यांना चटकन उत्तर कधी सुचायचंच नाही.

१९९९ साल मात्र वाईट गेलं. कुठं चर्च जाळली, कुठं पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, मारलं, अशा बातम्या वर्तमानपत्रात वर्षभर येत होत्या. एकदा कोपऱ्यावरच्या पानपट्टीवर कुणीतरी शांतवनना विचारलं, "काय चोपडे गुरुजी, औंदा किती जणांस्नी बाटवलं?" मागून गुरुसिद्ध ओरडला, "आरं, ह्येला बाजारात भेंडी निवडाय येत न्हाय, ह्यो कुणाला बाटवतोय! गप बस की." सगळे हसले. शांतवनही हसले, पण घरी येऊन त्यांनी दाराला आतून कडी घातली.

बाहेर भीती वाढली की माणूस आत कुंपण घालू लागतो. त्याच सुमारास शांतवनच्या चर्चमध्ये बाहेरगावचे एक उपदेशक आले. तीन दिवस सभा झाली. ते मोठ्या त्वेषानं म्हणाले, "अंधारातल्या ताटात जेवाल, तर उजेडातल्या पंगतीला बसता येणार नाही!" शांतवनना वाटलं, हे आपल्यालाच म्हटलं. आपली श्रद्धा कच्ची आहे, हा संशय त्यांना जन्मभर होता. आता तो संशय रोज पहाटे त्यांना जागा करू लागला.

दत्तजयंती बावीस डिसेंबरला आली. दुसऱ्या दिवशी सकाळी हाक ऐकू आली.

"शांतवन! ए शांतवन! हाईस का घरात? चार तास रांगेत हुतो लेका, पाय मोडलं."

शांतवन दारात आले. पुडा समोर होता. त्यांनी हात मागे घेतला.

"नको, गुरुसिद्ध. आमच्यात चालत नाही."

"आमच्यात म्हंजी?" गुरुसिद्ध हसला. "गेल्या साली खाल्लास त्यो कोण दुसरा शांतवन हुता व्हय?"

"चुकलं होतं तेव्हा. मूर्तीपुढचं आहे ते."

गुरुसिद्धचं हसू हळूहळू विझलं. पुडा तसाच छातीशी धरून तो म्हणाला, "बरं हाय." आणि निघून गेला.

आत खाटेवर आक्का पडून होत्या. महिन्यापूर्वी न्हाणीत घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं होतं. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"शांतू, इकडं ये. कुणासाठी रांगेत उभा होता तो, माहीत आहे?"

"दरवर्षी जातो तो."

"या वर्षी माझ्यासाठी गेला होता. मी परत चालावं म्हणून. खिडकीतनं मला सांगून गेला होता. माझ्या नावाचं मागणं तू दारातनं परत धाडलंस!"

शांतवन खाली बघत म्हणाले, "आक्का, मी प्रभूशी बेइमानी कशी करू?"

"मी चाळीस वर्षं कुणाकुणाच्या घरी बाळंतपणं केली," आक्का म्हणाल्या. "कुणी आंबाबाईचा अंगारा लावायचं, कुणी ताईत बांधायचं. मी कधी म्हटलं नाही, आधी हे काढा, मग मूल सोडवते. मी माझी प्रार्थना मनात केली आणि हात धुवून कामाला लागले. त्या अमरेशला, गुरुसिद्धच्या पोराला, माझ्याच हातानं जगात आणलंय. माझा प्रभू पेढ्यानं बाटत असता ना, तर चंदगडच्या चिखलातच मला सोडून गेला असता! तुला पेढ्याची भीती नाही, शांतू. लोकांची आहे. भ्यालेल्या माणसाला सगळीकडं विटाळच दिसतो."

शांतवनना राग आला. बहीण खरं बोलत होती, म्हणून जास्त आला.

नाताळाच्या दिवशी त्यांनी ताट भरून करंज्या पाठवल्या. माफी मागण्याचं धैर्य नव्हतं. वाटलं, करंज्याच बोलतील. कामवाली ताट देऊन आली. संध्याकाळी गुरुसिद्धनं ते ताट मधल्या भिंतीवर ठेवलं आणि तो आत गेला.

ताट स्वच्छ घासलेलं होतं. रिकामं.

सव्वीस वर्षांत असं झालं नव्हतं. शांतवन ते घेऊन आक्कांच्या खाटेपाशी आले. आक्कांचं नाव त्यात चकाकत होतं.

"जा," आक्का म्हणाल्या. "आत्ता जा."

"उद्या जातो."

आपलं सगळ्यांचं असंच असतं. भांडायला क्षण पुरतो, माफी मागायला मुहूर्त लागतो! शांतवन मनात वाक्य जुळवत राहिले. 'गुरुसिद्ध, माझं चुकलं' हे फार उघडं वाटे. 'गैरसमज झाला' हे खोटं वाटे. ग्रंथालयात हजारो पुस्तकं हाताखालून गेलेल्या माणसाला तीन शब्द सापडेनात. दोनदा ते फाटकापर्यंत गेले आणि परत आले. असे अठरा दिवस गेले.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी शेजारून रत्नव्वाचा टाहो ऐकू आला. गुरुसिद्ध चहाचा कप हातात घेऊन बसला होता. तो कप तसाच कलंडला.

दुपारी त्याला बसवून नेलं. फुलांनी मढवलेल्या आसनात तो ताठ बसला होता, जणू स्टेअरिंगवर. शांतवन लोकांच्या मागून चालत गेले. खड्ड्यात त्याला तसंच बसवलं. जंगम पुरोहितांचे मंत्र झाले. बेलाची पानं पडली. मग एकेक जण माती देऊ लागला. शांतवन मागेच थांबले.

अमरेशनं त्यांना पाहिलं. तो जवळ आला. डोळे सुजलेले. अगदी साध्या, खऱ्या मनानं त्यानं विचारलं, "काका, तुमच्यात चालतंय का माती द्यायला?"

कुठल्याही शिवीनं शांतवनच्या काळजाला इतकं लागलं नसतं! हे शब्द त्यांचेच होते. आता एक पोर त्यांचा धर्म सांभाळण्यासाठी त्यांना ते विचारत होतं.

"चालतं रे बाळ," ते कसंबसं म्हणाले. "चालत होतं. सगळं चालत होतं."

त्यांनी मूठभर माती घेतली. मुठीतून ती लवकर सुटेना.

परत आल्यावर ते रत्नव्वापुढे बसले. तीन शब्द अखेर तोंडातून निघाले. रत्नव्वानं पदरानं डोळे पुसले.

"त्यास्नी राग न्हवता, आण्णा. तुमच्या दोन करंज्या खाल्ल्या की त्यांनी. ताटात साखर घालत हुते मी, तर माझा हात धरला. म्हणालं, नगं. त्येच्यात आता आमच्या घरचं चालत न्हाय. साखर बघून त्येचा जीव अडकंल, टाकवायची न्हाय आन् खाववायचीबी न्हाय. ऱ्हाऊ दे रिकामं."

शांतवननी भिंतीला डोकं टेकलं. ज्या रिकाम्या ताटाला ते अठरा दिवस अपमान समजत होते, त्यात त्यांच्याच श्रद्धेची कदर भरलेली होती! शेजाऱ्यावर प्रेम करा, हे ते लहानपणापासून ऐकत आले होते. ते करत होता पलीकडचा.

अकराव्या दिवशी ते पंगतीला बसले. जंगमांची पूजा होऊन आलेला प्रसाद पानात पडला. त्यांनी डोळे मिटून आपल्या प्रभूचे आभार मानले आणि तो खाल्ला. पुढच्या रविवारी चर्चच्या मंडळीत कुजबूज झाली. पाळकसाहेबांनी बाजूला घेऊन विचारलं तेव्हा हा भिडस्त माणूस आयुष्यात पहिल्यांदा न अडखळता बोलला. "पाळकसाहेब, माझी श्रद्धा मी कुणाला दिलेली नाही. फक्त दाराची कडी काढली आहे."

पुढची दत्तजयंती आली. अमरेशला रजा मिळेना. रत्नव्वाला वाडीला एकटीनं जाववेना. शांतवन म्हणाले, "मी येतो." आक्का आता काठी टेकत चालत होत्या. त्यांनी दोघांना फाटकापर्यंत पोचवलं.

वाडीला शांतवन आत गेले नाहीत. त्यांनी हात जोडले नाहीत. त्यांच्या मनाला ते पटणारं नव्हतं, आणि रत्नव्वानंही आग्रह केला नाही. ते घाटाच्या पायरीवर तिच्या चपला मांडीशी घेऊन चार तास बसले. गर्दीत त्यांना धक्के लागले, पाय आखडून दुखू लागले. गुरुसिद्धच्या पायांना असंच काहीसं झालं असेल, असं वाटून ते कळवळले.

वाचकहो, आपल्या या देशात प्रत्येकाचं देऊळ वेगळं असणार, आणि ते वेगळं असू द्यावं. आपला देव सोडा, असं कुणी कुणाला म्हणू नये. पण ज्या श्रद्धेला शेजाऱ्याच्या हातातला घास सोसत नाही, ती श्रद्धा नव्हे, ती भीती आहे. खरी श्रद्धा दुसऱ्याच्या देवळाबाहेर त्याच्या चपला सांभाळत बसू शकते, आणि तरी तिचं काही कमी होत नाही. शांतवनना हे कळलं, पण ज्याला सांगायचं तो ऐकायला उरला नव्हता. आपल्या भिंतीपलीकडचा अजून असेल. आजच जा.

रत्नव्वा बाहेर आली. तिनं पुडा उघडून एक पेढा त्यांच्या हातावर ठेवला. शांतवननी तो तोंडात घातला, आणि नदीकडे तोंड करून, कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले,

"गुरुसिद्ध, मला उठवायला येशील ना रे?"